कोरा वास

सच्यानं पाडव्याला इलेक्ट्रिक गाडी घेतली. काल भर दुपारी ती कट्ट्यासमोर लावली आणि दार उघडून म्हणाला, "घ्या वास! कोरी करकरीत!"

अण्णा आत वाकले आणि तसेच मागे सरले. "डोकं उठलं की रे माझं."

सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच. (ते आपणहून फाटेपर्यंत काढायचं नाही, असा आपल्याकडे नियमच आहे.) डॅशबोर्डवर कापराच्या वड्या आणि आरशाला मोगऱ्याचा सेंट.

"तुमच्या सीएनजीचा सडका वास बरा चालतो," सच्या फणकारला.

टॅक्सी हा अण्णांचा हळवा विषय. "तो वास मुद्दाम घातलेला असतो, बाबा. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, त्याला स्वतःचा वासच नाही, म्हणून त्यात मर्कॅप्टन हे सडक्या वासाचं रसायन मिसळतात. वास आला की गाडी बंद, सगळे खाली, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. काडी ओढायची नाही."

"मग इथे बॅटरीचा वास येतोय का?" मी घाबरूनच विचारलं.

मिल्या चाकणला सीटच्या फोमच्या लाइनवर आहे. तो हसला. "बॅटरी सीलबंद असते, तिचा वास येताच कामा नये. गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा आला तर मात्र गाडीपासून लांब पळ. हा वास फोमचा, गोंदाचा, रेक्झिनचा. पेट्रोलच्या नव्या गाडीतही हाच. सच्या, काचेवर आतून बोट फिरव."

सच्यानं फिरवलं. धुरकट काचेवर स्वच्छ रेघ उमटली आणि बोट तेलकट झालं.

"प्लास्टिक मऊ राहावं म्हणून जे घालतात, ते उन्हानं उडून काचेवर बसतं. शिवाय थोडं फॉर्मल्डिहाइड, टोल्युइन, असली उडणारी रसायनं. चिनी गिऱ्हाइकाला हा वास अजिबात खपत नाही. फोर्डनं तर पेटंटचा अर्ज केलाय, 2018 साली छापून आला. गाडी आपली आपण उन्हात जाऊन उभी राहणार, काचा खाली करणार, हीटर लावून स्वतःला भाजून घेणार."

"पापडच की!" अण्णा म्हणाले.

माझं मत अण्णांच्या बाजूनं पडलं, पण बंद टॅक्सीत बिडी ओढणाऱ्यानं वासावर बोलावं का, हा प्रश्न मी गिळला.

"करू काय मग?" सच्या नरमला.

"काचा उघड्या ठेवून उन्हात लाव," मिल्या म्हणाला. "निघताना पाच मिनिटं बाहेरची हवा घे, एसी रीसर्क्युलेशनवर, म्हणजे आतलीच हवा फिरवत, नको. सेंट काढ, त्यानं वास झाकतो, जात नाही. आणि ते प्लास्टिक फाड आधी."

सच्यानं मागच्या सीटचं टर्रकन फाडलं. पुढच्याला हात घातला आणि थांबला.

"हे दिवाळीपर्यंत राहू दे, म्हणालीय ती."