कॅप्टन साठे यांना आठवताना

7 ऑगस्ट जवळ आला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटावर 2020 मध्ये केरळात कोझिकोडला झालेल्या विमान अपघातात गेलेले वैमानिक कॅप्टन दीपक साठे यांचा फोटो येतो आणि त्याखाली तोच मजकूर असतो: इंधन संपावे म्हणून त्यांनी तीन घिरट्या घातल्या आणि प्राण देऊन प्रवाशांना वाचवले. यंदा मी त्याखाली चौकशी अहवालाचा निष्कर्ष लिहिला, की सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घ्यायला सांगूनही साठे यांनी ते उतरवले, तेव्हा परभणीच्या थोरल्या काकांनी उत्तर दिले, "गेलेल्या माणसाची, त्यातून फौजी माणसाची, चूक काढू नये. तिकडे दुबईत बसून तुला हे बरे सुचते."

काकांचा राग मला समजतो. नागपूरच्या साठे कुटुंबातला हा मुलगा खडकवासल्याहून 1981 मध्ये हवाई दलात गेला, अकादमीत मानाच्या तलवारीचा मानकरी ठरला, 22 वर्षे लढाऊ विमाने उडवून 2003 मध्ये विंग कमांडर म्हणून निवृत्त झाला आणि मग प्रवासी विमाने चालवू लागला. अशा आयुष्याचा आदर करायला त्या तीन घिरट्यांची गरज नाही.

2020 च्या त्या संध्याकाळी करोनामुळे अडकलेल्यांना घेऊन त्यांचे विमान दुबईहून कोझिकोडला निघाले. एकूण 190 जण होते, त्यांतले 21 गेले, दोन्ही वैमानिकांसह. मीही तेव्हा परतणाऱ्यांच्या अशाच एका यादीत नाव नोंदवून बसलो होतो. आमच्या साइटवरचा मल्याळी फोरमन त्या रात्री पार्किंगमध्ये उभा राहून एकच नंबर पुन्हा पुन्हा लावत होता, ते मला अजून दिसते.

2021 च्या अहवालानुसार पाऊस होता, वारा पाठीमागून होता, पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागला होता आणि दुसऱ्या वेळी विमान जवळजवळ अर्धी धावपट्टी मागे टाकून टेकले. सहवैमानिक अखिलेश कुमार यांनी 'गो अराउंड' म्हटले, म्हणजे पुन्हा वर घ्या. साठे यांनी विमान वर घेतले नाही, कुमार यांनीही नियंत्रण आपल्या हाती घेतले नाही आणि टेकडीवरच्या धावपट्टीच्या टोकावरून विमान खाली कोसळले. त्याच अहवालात हेही आहे की साठे यांना दुसऱ्या सकाळचे उड्डाण गाठायचे होते आणि तिथे पुरेसे कॅप्टन नव्हते, तो दोष कंपनीच्या धोरणाचा होता. दहा वर्षांपूर्वी मंगळूरला, तशाच टेकडीवरच्या धावपट्टीवर, सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हणूनही कॅप्टनने विमान उतरवले होते आणि 158 जण गेले होते. घरच्या गटावर फिरणाऱ्या मजकुरात कुमार यांचे नावही नसते, आणि मला सर्वांत जास्त ते खटकते.

इथे दुबईत आमच्या साइटवर क्रेनखाली उभा असलेला सर्वांत धाकटा मदतनीसही 'स्टॉप' म्हणू शकतो. क्रेन आधी थांबते, कारण नंतर विचारले जाते. व्हिसा मालकाच्या हाती असलेला कामगार तरीही कचरतो, म्हणून इथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. पण वरिष्ठ इंजिनिअरला तो शब्द म्हणायला मला स्वतःला दोन वर्षे लागली, कारण मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये हे मी घरीच शिकलो होतो.

आमच्याकडे 1993 चा संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरचा अपघात अजून बोलण्यात निघतो. उड्डाण घेताना विमान बीड रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले आणि 118 पैकी 55 जण गेले. घरी वाद होतो तो चूक पायलटची की ट्रकवाल्याची एवढाच. चौकशीत मात्र वैमानिकाने विमान उशिरा उचलल्याचे आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचे, दोन्ही दोष नोंदले गेले. त्या रस्त्यावर माणूस उभा करण्याची जबाबदारी कोणाची होती, हे कोणी विचारत नाही.

काकांचा नातू यंदा संभाजीनगरच्या एसपीआयमध्ये, म्हणजे राज्यातल्या मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी तयार करणाऱ्या संस्थेत, दाखल झाला आहे. गटावरचा वाद वाचून त्याने रविवारी फोन केला. "काका, त्या को-पायलटला कळत होतं, तर मग त्यांनी हात का नाही घातला?" पाऊण तास आम्ही तेवढेच बोललो, आणि मागे थोरले काका ऐकत होते, या वेळी त्यांनी अडवले नाही.