लाइमलाइट वापरा, मोठे व्हा

इंग्रजी येत नाही म्हणून मागे पडलो, असं तुम्हाला वाटत असेल तर तो गैरसमज काढून टाका. तुम्हाला इंग्रजी येतं. फक्त साधं येतं, आणि साध्या इंग्रजीनं आजवर कुणाला बढती मिळालेली नाही.

परवाच मी अहवालात दोन वाक्यं लिहिली. 'द पंप मोटर बर्न्ट आउट. टू फिटर्स रिप्लेस्ड इट ओव्हरनाइट.' मोटर जळली, दोन फिटरनी रात्रीत बदलली, पाणी सुरू झालं, विषय संपला. साहेबांच्या टेबलावरून कागद परत आला तेव्हा तिथं असं होतं: 'द पंप इश्यू टुक सेंटर स्टेज, अँड अवर टीम लीडर हॉग्ड द लाइमलाइट बाय एन्शुअरिंग अ टाइमली रिझोल्यूशन.' नुकतंच ऑफिसात संभाषणकौशल्याचं प्रशिक्षण झालं, त्याला आलेलं हे पहिलं फळ. असं फळ तुमच्याही झाडाला लागावं म्हणून या पाच सूचना.

सर्वात आधी, लाइमलाइटमध्ये कोण येऊ शकतं याबद्दलच्या जुन्या कल्पना सोडा. पूर्वी तिथं नट-नट्या, खेळाडू, फार तर एखादा मंत्री यायचा. आता सगळ्यांना मुभा आहे. लिफ्ट बंद पडली? 'द लिफ्ट इज इन द लाइमलाइट सिन्स मॉर्निंग.' प्रिंटरची शाई संपली, हजेरीपट सापडेना, संडासाची टाकी तुंबली, सगळं बेधडक झोतात आणा. घरीही सराव सोडू नका. सासूबाईंचा गुडघा दुखतोय असं डॉक्टरांना सांगणं फारच मिळमिळीत. 'हर नी हॅज टेकन सेंटर स्टेज' म्हणा. गुडघा राहील तसाच, पण डॉक्टर तुमच्याकडे जरा आदरानं बघतील.

अव्ययाची काळजी करू नका. पुस्तकात 'इन द लाइमलाइट' असतं. तुम्ही 'ऑन' म्हणा, 'अंडर' म्हणा, आवाज चढा ठेवा.

काम कुणी केलं, हे वाक्यात येता कामा नये.

उदाहरणं पाठ करताना प्रशिक्षणात मिळालेला छापील कागद समोर ठेवा. 'शी इज इन द लाइमलाइट.' 'ही लाइक्स टु बी इन द लाइमलाइट.' 'दे वेअर इन द लाइमलाइट.' ती कोण, त्यानं काय केलं, ते तिथं कशाला गेले होते, यातलं काहीही कळत नाही. कुणीतरी कुणाकडे तरी बघतंय, एवढंच कळतं. हीच तर या वाक्यांची ताकद! पंप माहीत नसताना पंपावर पानभर लिहिता येतं.

आणि हा लाइमलाइट मुळात असतो काय, हे चुकूनही विचारू नका. मी विचारलं. प्रशिक्षक म्हणाले, 'इट्स अ स्टायलिश वर्ड फॉर फेम.' विचारलं की पंचाईत अशी होते, की त्या शब्दामागे एक माणूस उभा सापडतो.

लाइम म्हणजे इथं लिंबू नव्हे, कळीचा चुना. त्याच्या खड्यावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची ज्योत सोडली की तो डोळे दिपवणारा पांढराशुभ्र उजेड देतो. 1820 च्या दशकात गोल्ड्सवर्दी गर्नी यांच्या प्रयोगांतून हे पुढं आलं. थॉमस ड्रमंड यांनी आयर्लंडच्या जमीनमोजणीत तो दिवा डोंगरमाथ्यावर लावला, लांबच्या डोंगरावरून खूण दिसावी म्हणून. 1837 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात तो रंगमंचावर आला, आणि पुढं विजेचे दिवे येईपर्यंत नटांच्या तोंडावर पडत राहिला. पण तो खडा आपोआप जळत नव्हता हो! एकेका दिव्याला एकेक माणूस लागायचा. ज्योतीनं चुन्याला खड्डा पडतो, म्हणून खडा सतत फिरवत राहायचं. गॅसच्या पिशव्यांवर वजनं ठेवून दाब सांभाळायचा. दोन्ही गॅस नको तिथं एकत्र आले तर स्फोट, हे डोक्यात ठेवायचं. आणि हे सगळं करताना झोत नटावरून हलू द्यायचा नाही. हा माणूस उभा कुठं? अंधारात, भट्टीसारख्या दिव्याच्या शेजारी. टाळ्या कुणाला? जो खाली मध्यभागी उभा राहून मान तिरकी करायचा त्याला.

आता आमच्या अहवालाकडे वळू. त्या रात्री पंपघरात घोटाभर पाणी होतं. जळकी मोटर दोघांनी खांद्यावर घालून वर काढली, नवी खाली उतरवली, अलाइनमेंट जुळेना म्हणून पुन्हा उघडली, पुन्हा बसवली. टीम लीडर तेव्हा घरी झोपले होते. झोपू देत, रात्री झोपणं हा गुन्हा नाही. सकाळी येऊन त्यांनी चालू पंपाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. हेल्मेट घालून. त्या हेल्मेटचं लेबलसुद्धा निघालं नव्हतं!

तरीही त्या सुधारलेल्या वाक्यात एक शब्द अगदी नेमका पडलाय, हे मान्य करायला हवं. 'हॉग्ड'. साहेबांना तो कौतुकाचा वाटला. खेळाच्या पानांवर तो रोज कौतुकानंच छापतात, त्यांचा काय दोष? पण इंग्रजीत त्याचा अर्थ दुसऱ्याच्या वाट्याचंसुद्धा एकट्यानं ओरपणं असा होतो. म्हणजे अख्ख्या अहवालात खरी गोष्ट एकच छापली गेली, तीही चुकून, आणि ज्यांच्याबद्दल होती त्यांनीच खाली सही केली. मी ती दुरुस्त केलेली नाही. करणारही नाही.

बाकी वाक्य मात्र बदला. पुरे झाली नाटकं. 'टाइमली रिझोल्यूशन' कुणी 'एन्शुअर' केलं नाही, दोन माणसांनी पाण्यात उभं राहून मोटर बदलली. त्यांना नावं आहेत, हजेरीपटावर आहेत, ती लिहायला कुठलाही वाक्प्रचार लागत नाही. मोटर का जळली तेही लिहा, कारण ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त भार आला की मोटर बंद करणारा भाग, बदला म्हणून त्याच दोघांनी आधी चिठ्ठी दिली होती आणि ती कुणाच्या टेबलावर पडून राहिली हे सगळ्या मजल्याला ठाऊक आहे. प्रशिक्षणाला पैसे निघतात, रिलेला निघत नाहीत. उद्या पुन्हा मोटर जळेल, तेव्हा तो छापील कागद घेऊन तुम्हीच उतरा खाली.