सू तुंगपोला ‘बिचारा निसर्गकवी’ ठरवू नका

निवृत्त मराठी शिक्षक असलेल्या माझ्या मामांनी मला एक फिरता संदेश पाठवला आणि ज्येष्ठ नागरिक संघातल्या भाषणात तो वाचून दाखवणार असल्याचे कळवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेश असा: अकराव्या शतकातल्या चीनमध्ये सू तुंगपो, म्हणजेच सू शी, या कवीने एका झाडावर साधी कविता केली; त्याच्यावर जळणाऱ्या वांग आनशी या प्रधानाने तिचा भलता अर्थ लावून त्याला तुरुंगात टाकले; राजाने देहान्ताची शिक्षा फर्मावून त्याच्या सगळ्या कविता जाळल्या; आणि राजकारणाशी काडीचाही संबंध नसलेल्या या निसर्गकवीने कोठडीच्या भिंतीवर ‘लाल कडा’ हे काव्य लिहिले.

वांग आनशीचे आधी उरकून घेऊ. खटला १०७९ चा आणि वांगने पद सोडले १०७६ मध्ये. आरोप ठेवणारे ली तिंग, शू तान आणि हो चंगछन हे वांगने राज्यकारभारात आणलेल्या सुधारणांच्या बाजूचे होते एवढे मान्य करते. पण त्या वेळी तो स्वतः राजधानीपासून दूर निवृत्त होऊन राहत होता.

खरा संताप येतो तो ‘राजकारणाशी संबंध नाही’ या वाक्याचा. झाडावरच्या कवितेवरून सूवर बालंट आणण्याचा प्रयत्न झाला, हे खरे. तिच्यात पाताळातल्या सुप्त नागाचा, म्हणजे चिनी ड्रॅगनचा, उल्लेख होता; ड्रॅगन हे सम्राटाचे प्रतीक, म्हणून तो सम्राटाच्या अवमानाचा ठरवला गेला. पण सम्राट शेनत्सोंगनेच तो आरोप झटकून टाकल्याची कथा प्रसिद्ध आहे. खटल्याची कागदपत्रे ‘वूताय शी-आन’ या नावाने आजही वाचायला मिळतात आणि त्यांतल्या कबुलीजबाबात सूने आपल्या एकेका ओळीचा रोख सांगितला आहे. हांगचौमध्ये अधिकारी असताना त्याने डोंगरातल्या म्हाताऱ्याला तीन महिने मीठ मिळत नसल्याचे लिहिले, ते मिठाच्या कडक कायद्यावर बोट ठेवण्यासाठी. दुसऱ्या एका कवितेत शेतकरी वांगच्या सुधारणांतले सरकारी ‘हिरव्या रोपांचे’ कर्ज, म्हणजे आपल्याकडच्या तगाईसारखे कर्ज, घ्यायला शहरात खेपा घालतो. पैसा हातचा निघून जातो, आणि कमाई काय, तर वर्षातला निम्म्याहून अधिक काळ शहरात गेल्यामुळे पोरांची बोली तेवढी सुधारते! हा निसर्ग आहे का? कबुली तुरुंगातली आहे, म्हणून तिला थोडी वजावट द्यावी लागेल, पण या ओळींचा दुसरा अर्थ लावणे कठीणच आहे. शिवाय त्याचा छापील संग्रहच पुराव्यात दाखल झाला होता. हस्तलिखित चार स्नेह्यांत फिरते, लाकडी ठशांवरून छापलेले पुस्तक कुठवर जाईल ते दरबाराच्या हाती राहत नाही. कवीच्या बचावासाठी त्याच्या कवितेतला अर्थच काढून टाकायचा, म्हणजे अर्थ असता तर शिक्षा रास्त होती, असे कबूल करण्यासारखे आहे.

देहान्ताची भीती खरी होती. कोठडीतून त्याने धाकटा भाऊ सू चे याला निरोपाच्या कविता लिहिल्या. शिक्षा मात्र तशी झाली नाही. न्यायखात्याने दोन वर्षांची सक्तमजुरी ठरवून तीही सार्वत्रिक माफीत बसत असल्याचे सांगितले, आरोप करणाऱ्यांनी त्याला हरकत घेतली, आणि अखेर सम्राटाने त्याला अधिकारशून्य पद देऊन ह्वांगचौला धाडले.

कविता जाळल्या त्या घरातल्या बायकांनी. अटकेनंतर शिपायांनी कुटुंबाची होडी वेढून कागद धुंडाळले, तेव्हा ‘लिहून मिळाले काय, आम्हाला भीती तेवढी लावली’ असे म्हणत त्यांनी हाती लागले ते पेटवून दिले. सूने हे स्वतः एका पत्रात नोंदवले आहे. छपाईचे ठसे नष्ट करण्याचा दरबारी हुकूम निघाला तो ११०३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आणि वेगळ्याच सम्राटाच्या काळात.

उरली भिंत. ‘लाल कडा’ लिहिले गेले १०८२ मध्ये, ह्वांगचौला, सुटकेनंतर दोनेक वर्षांनी. पुढच्या वर्षी एका स्नेह्याने नवे लेखन मागितले, तेव्हा सूने ते स्वहस्ते उतरवून पाठवले. ती प्रत आज तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. तिच्या शेवटी त्याने लिहिले आहे की हे एकदोघांनीच पाहिले आहे, अनेक संकटे भोगल्यामुळे मला भीती वाटते, तुमचे माझ्यावर प्रेम आहे, तेव्हा हे खोल दडवून ठेवा, बाहेर काढू नका.