‘येस’ पूर्ण लिहावे लागते

आमच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल खजिनदार या नात्याने मी मराठीत लिहितो आणि त्यातली आकडेमोड पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेवर सोपवतो. मजकूर एका खिडकीत, हिशेब दुसरीत आणि दोहोंमध्ये कॉपी-पेस्टचा हमाल मी, ही व्यवस्था मोडावी म्हणून ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या ऑर्ग-मोडमधले (नोंदी व दस्तऐवज लिहिण्याच्या सोयीमधले) ‘बेबल’ वापरायला घेतले. परिच्छेदाखालीच कोड लिहायचा, त्यावर कर्सर ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबायचे आणि उत्तर तिथेच उमटायचे, अशी ही थोर कल्पना आहे. 2010 पासून बेबल ऑर्गमध्येच असल्याने वेगळे बसवावे लागत नाही. मात्र उठवावे लागते, कारण मुळात त्याला फक्त ईमॅक्सची स्वतःची भाषा, लिस्प, चालते आणि पायथॉनची परवानगी त्याच लिस्पमध्ये, कंस जुळवत मागावी लागते.

पहिली बेरीज आली ‘नन’, म्हणजे पायथॉनच्या भाषेत ‘काहीच नाही’. बेबलला छापलेले नको असते, परत केलेले मूल्य हवे असते. छापलेलेच हवे असेल तर खंडाच्या, म्हणजे कोडच्या त्या तुकड्याच्या, डोक्यावर तसे नमूद करावे लागते. शिवाय प्रत्येक खंडाला नवा पायथॉन मिळत असल्यामुळे वरच्या परिच्छेदातला सिंकिंग फंड खालच्याला ठाऊक नसतो. (सभासदांनाही नसतो, पण ते निदान भांडतात.) ‘सेशन’ लिहिले की त्याला स्मरणशक्ती येते, आणि ती इतकी येते की आपण खोडून टाकलेला आकडाही तो शेवटपर्यंत जपतो.

खरी परीक्षा कळफलकाने घेतली. इनस्क्रिप्ट ही देवनागरी कळरचना चालू असताना ‘सी’च्या जागी ‘म’ बसलेला असतो, त्यामुळे कंट्रोल-सी दाबले की ईमॅक्स ‘कंट्रोल-म’ अशी आज्ञा ठाऊक नसल्याचे कळवतो. इंग्रजीत जाऊन पुन्हा दाबावे, तर ‘हा कोड तुमच्या संगणकावर चालवू का?’ हा प्रश्न येतो, आणि त्याला नुसता ‘वाय’ चालत नाही, तीन अक्षरी ‘येस’च लागते. तोवर सवयीने पुन्हा इनस्क्रिप्टवर गेलेले असलो, तर त्या तीन कळांतून ‘ब’, काना आणि मात्रा बाहेर पडतात आणि ईमॅक्स शांतपणे ‘कृपया येस किंवा नो असे उत्तर द्या’ म्हणतो. ईमॅक्सची स्वतःची देवनागरी पद्धत वापरल्यावर हे दुखणे थांबले, कारण ती आज्ञांच्या वाटेत येत नाही.

प्रश्न विचारणे योग्यच आहे. परक्या फाइलीत काय दडले असेल ते कोणी सांगावे? पण पीडीएफ काढताना बेबल सगळे खंड पुन्हा चालवतो आणि प्रत्येकापाशी पुन्हा विचारतो, त्यामुळे आता मी प्रश्न न वाचताच ‘येस’ लिहीत सुटतो.