‘मॉर्मन लोकांनी बायबल टाकून दिलं’ : दावा आणि वस्तुस्थिती

ख्रिस्ती पंथांची चर्चा निघाली की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. त्याचा गोषवारा असा: मॉर्मन लोकांनी बायबल टाकून दिलं, त्या जागी पंथाच्या संस्थापकाने, जोसेफ स्मिथने, लिहिलेलं ‘बुक ऑफ मॉर्मन’ हे पुस्तक आणलं, त्या पुस्तकात हजारो फेरफार केले, बहुपत्नीत्व ही त्यातलीच आज्ञा, आणि सामान्य सभासद वरून सांगितलं तेवढंच वाचतात. यात थोडं खरं आहे, पुष्कळ खोटं आहे, आणि दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे खरा मतभेद कुठे आहे तेच झाकलं जातं. (या चर्चचं अधिकृत नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, इथे रुळलेलं नाव वापरलं आहे.)

‘बायबल टाकून दिलं.’ साफ चूक. हे चर्च चार ग्रंथांना शास्त्र मानतं: बायबल, बुक ऑफ मॉर्मन, डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स आणि पर्ल ऑफ ग्रेट प्राइस. 2019 पासून घरी नि रविवारच्या वर्गात करायच्या वाचनाचा चार वर्षांचा एकच क्रम जगभर चालतो. 2023 ला नवा करार, 2024 ला बुक ऑफ मॉर्मन, 2025 ला डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स, 2026 ला जुना करार. म्हणजे चारातली दोन वर्षं मुख्यतः बायबलचीच. इंग्रजीत ते मुख्यतः 1611 चं किंग जेम्स भाषांतर वापरतात. 1979 मध्ये चर्चने त्याची स्वतःची आवृत्ती काढली. भाषांतर तेच, तळटीपा आणि विषयसूची मात्र चर्चच्या. या तळटीपा वाचणाऱ्याला बायबलमधून उरलेल्या तीन ग्रंथांकडे आणि तिथून परत बायबलकडे नेत राहतात.

हे प्रत्यक्ष पाहायचं तर बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथाचा दुसरा अध्याय आणि बुक ऑफ मॉर्मनमधल्या ‘2 नेफी’ या भागाचा बारावा अध्याय शेजारी शेजारी उघडा. यशया 2 ते 14 हे सलग तेरा अध्याय 2 नेफी 12 ते 24 मध्ये उतरले आहेत. बहुतेक ओळी तशाच, पण मधेच फरक दिसतो. यशया 2:16 मध्ये तार्शीशची गलबतं येतात. 2 नेफी 12:16 मध्ये त्याआधी ‘समुद्रावरची सगळी गलबतं’ असे जास्तीचे शब्द आहेत. तसंच मत्तय 5 ते 7 मधलं डोंगरावरचं प्रवचन 3 नेफी 12 ते 14 मध्ये भेटतं. मत्तय 5:48 म्हणतं, तुमचा स्वर्गीय पिता परिपूर्ण आहे तसे परिपूर्ण व्हा. 3 नेफी 12:48 मध्ये येशू पित्याच्या जोडीने स्वतःचाही उल्लेख करतो, कारण त्या कथनात तो पुनरुत्थानानंतर बोलतो आहे.

टीकाकार इथे एक वजनदार आक्षेप घेतात: चर्च म्हणतं तसा बुक ऑफ मॉर्मन हा प्राचीन ग्रंथ असेल, तर त्यात 1611 च्या इंग्रजी भाषांतराची शब्दरचना कशी? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण तो पुस्तकाच्या उगमाबद्दल आहे. बायबल टाकल्याचा पुरावा म्हणून तो चालत नाही. उलट बायबल न वाचलेल्या माणसाला बुक ऑफ मॉर्मनचा निम्मा अर्थ लागणार नाही.

‘बुक ऑफ मॉर्मनच्या पहिल्या आवृत्तीवर स्मिथचं नाव लेखक म्हणून आहे.’ आहे. 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावी ग्रँडिनच्या छापखान्यात 5,000 प्रती निघाल्या. खर्चासाठी स्मिथचा अनुयायी मार्टिन हॅरिसने शेत गहाण टाकलं. मुखपृष्ठानंतरच्या पानावर ‘लेखक आणि मालक’ असे शब्द आहेत. ते तेव्हाच्या कॉपीराइट नोंदणीच्या ठरीव मसुद्यातले. त्याच आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्मिथ ‘देवाच्या देणगीने आणि सामर्थ्याने मी भाषांतर केलं’ असं म्हणतो. हा दावा कुणाला पटो न पटो, पण त्याने लेखकपणाची कबुली दिली आणि मग लपवली, हा अर्थ पानावरून निघत नाही.

‘हजारो फेरफार.’ आकडा खोटा नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. हस्तलिखित छापखान्यात आलं तेव्हा त्यात विरामचिन्हं जवळपास नव्हतीच. ती जुळारी जॉन गिल्बर्टने घातली. पुढच्या आवृत्त्यांतले बहुतेक बदल व्याकरण, शुद्धलेखन आणि विरामचिन्हांचे. मात्र काही बदल अर्थाचे आहेत आणि चर्चची बाजू घेणाऱ्यांनीही ते झाकू नयेत. 1 नेफी 11:18 मध्ये ‘देवाची आई’ होतं, 1837 ला ‘देवाच्या पुत्राची आई’ झालं. 2 नेफी 30:6 मध्ये एका लोकसमूहाबद्दल ‘गोरे’ हा शब्द होता. 1840 ला तिथे ‘शुद्ध’ आला, मधल्या आवृत्त्यांत जुना शब्द परतला, आणि 1981 ला पुन्हा ‘शुद्ध’ कायम झाला. हे दोन बदल घेऊन वाद घाला, त्यात दम आहे. स्वल्पविराम मोजून काय हाती लागणार?

‘बहुपत्नीत्व बुक ऑफ मॉर्मनची आज्ञा.’ त्या पुस्तकातल्या जेकबच्या ग्रंथात (2:27) पुरुषाला एकच पत्नी असावी असं स्पष्ट म्हटलं आहे. तिसाव्या ओवीत देवाने आज्ञा दिल्यास अपवाद ठेवला आहे. बहुपत्नीत्वाचं समर्थन येतं ते वेगळ्या ग्रंथात, डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्सच्या 132 व्या प्रकरणात, आणि ते आजही तिथे आहे. 1852 मध्ये ही प्रथा उघडपणे जाहीर झाली. 1890 मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी ती थांबवल्याचं जाहीर केलं, तरी काही विवाह होतच राहिले. 1904 च्या दुसऱ्या जाहीरनाम्यानंतर असे विवाह करणाऱ्यांना बाहेर काढणं सुरू झालं. आज बातम्यांत दिसणारी बहुपत्नीक कुटुंबं फुटून निघालेल्या गटांतली असतात.

‘वरून सांगितलं तेवढंच वाचतात.’ स्थानिक मंडळीत पगारी पाळक नसतो. रविवारच्या मुख्य सभेत सभासदच पाळीपाळीने बोलतात, वर्गही तेच घेतात. त्यामुळे वाचन घरोघर होतं, पण त्याच्या अडचणीही ठरलेल्या. 2 नेफीतले यशयाचे अध्याय आले की वाचणाऱ्याची गाडी अडते, कारण भविष्यवाणीचं काव्य, सतराव्या शतकातलं इंग्रजी आणि अश्शूर-यहूदाचा अनोळखी इतिहास एकदम समोर येतो. दुसरी खोड म्हणजे आठवड्याचा भाग पुरा करण्याच्या घाईत एकेक ओवी संदर्भातून उचलणं. आधी पूर्ण अध्याय, मग तळटीप, मग शेजारचा ग्रंथ, या क्रमाने वाचलं तर यातलं बरंच टळतं. क्रम वरून ठरतो हे खरं. वाचणाऱ्यावर बंधन असतं ते पाठ्यक्रमाचं, समजून घेण्याचं नव्हे.

चहा-कॉफीचा मुद्दाही याच मजकुराला चिकटवलेला असतो: ‘कॅफीन निषिद्ध’. खाण्यापिण्याचे नियम सांगणाऱ्या 1833 च्या मूळ वचनात कॅफीनचा उल्लेखच नाही. निषिद्ध आहे ती कॉफी आणि चहाच्या पत्तीचा चहा, गार असला तरी. युटा किंवा ॲरिझोनात राहणाऱ्या मराठी घरात मॉर्मन शेजारी आले तर कोकम सरबत द्या, ताक द्या. गवती चहासुद्धा चालेल, पण चहा पावडर न घालता उकळलेला.

मग खरा मतभेद कुठे? दोन ठिकाणी. एक, बायबल देवाचं वचन आहे पण ‘भाषांतर अचूक आहे तिथवर’ अशी अट मॉर्मन श्रद्धाकलमांतल्या आठव्या कलमात आहे. बुक ऑफ मॉर्मनला अशी अट नाही, आणि शास्त्राची यादीही कायमची बंद झालेली नाही. दोन, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्यांच्या मते तीन स्वतंत्र व्यक्ती; त्रैक्याची, म्हणजे हे तिघे मिळून एकच देव असल्याची, पारंपरिक शिकवण ते मानत नाहीत. म्हणूनच, बाप्तिस्मा देताना तीच तीन नावं उच्चारली जात असूनही, 2001 मध्ये व्हॅटिकनने मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नाही असा निर्णय दिला. अनेक प्रोटेस्टंट चर्चचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करतं, मॉर्मन घरातून आलेल्याला मात्र तो नव्याने घ्यावा लागतो. आणि कॅथलिक माणूस मॉर्मन झाला तर त्यालाही.