दुर्बीण चालवतो कोण? पारानालहून खोडदकडे बघताना

पुणे-नाशिक रेल्वेचा आधी आखलेला मार्ग जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीजवळून जात होता. रेडिओ दुर्बिणीला गाडीचा उपद्रव होईल म्हणून तो बदलायचे ठरले, आणि मंचर, नारायणगाव, संगमनेर पट्ट्यात संताप उसळला. मूठभर शास्त्रज्ञांपायी आमची रेल्वे गेली, असा एकंदर सूर. राग समजण्यासारखा आहे. नारायणगावचा टोमॅटो रोज ट्रकनेच बाहेर पडतो. पण ‘मूठभर शास्त्रज्ञ’ हा हिशेबच चुकीचा आहे, हे इथे उत्तर चिलीत राहून फार जाणवते.

आंतोफागास्ता शहराच्या दक्षिणेला साधारण 120 किलोमीटरवर, 2635 मीटर उंचीवर, ईएसओ या युरोपीय संस्थेची पारानाल वेधशाळा आहे. 8.2 मीटर व्यासाच्या आरशांच्या चार दुर्बिणी एका माथ्यावर उभ्या आहेत. भोवती कोरडे वाळवंट, पाणीसुद्धा टँकरने येते. डोंगरावर एका वेळी असलेल्या माणसांत खगोलशास्त्रज्ञ थोडेच. बाकी सगळे मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वातानुकूलन सांभाळणारे, सॉफ्टवेअरवाले, स्वयंपाकी, ड्रायव्हर. त्यांतले बहुतेक चिलीचेच. काम पाळीने चालते: काही दिवस सलग डोंगरावर, मग घरी सुट्टी. या पाळीला इथे ‘तुर्नो’ म्हणतात.

दिवस आणि रात्र या जणू दोन वेगळ्या वेधशाळा आहेत. दिवसा घुमट बंद ठेवून आतली हवा येणाऱ्या रात्रीच्या तापमानाइतकी थंड केली जाते. आरसा बाहेरच्या हवेपेक्षा गरम राहिला तर त्याच्यावरची हवा थरथरते आणि तारा पसरट दिसतो. दुर्बिणीतून आलेला प्रकाश रंगांत फोडून टिपणाऱ्या म्यूज नावाच्या उपकरणात 24 डिटेक्टर आहेत, ते द्रव नायट्रोजनने गार ठेवावे लागतात. सूर्यास्ताला घुमट उघडतात. माथ्याखालच्या नियंत्रण कक्षात प्रत्येक दुर्बिणीच्या पडद्यांसमोर ऑपरेटर बसतो आणि शेजारी रात्रपाळीचा खगोलशास्त्रज्ञ. ज्या खगोलशास्त्रज्ञांनी दुर्बिणीची वेळ मागितलेली असते ते बहुतेकदा युरोपात आपापल्या घरी झोपलेले असतात. त्यांचे काम साधारण तासाभराच्या तुकड्यांत आधीच लिहून आलेले असते: हवा किती स्थिर हवी, चंद्र किती चालेल, पातळ ढग चालतील का. त्या क्षणीच्या आकाशाला जो तुकडा बसतो तो घ्यायचा. मध्येच हवा बिघडून अटी मोडल्या तर त्याला ‘सी’ श्रेणी मिळते आणि तो पुन्हा रांगेत जातो. वारा सेकंदाला 12 मीटरच्या वर गेला की वाऱ्याकडे तोंड करायचे नाही, 18 ला घुमट बंद. तो बंद करायचे काम ऑपरेटरचे. समोर कितीही मोठा प्राध्यापक असो, तिथे वाद चालत नाही.

सगळ्यात अवघड काम मात्र आरशाचे. तो जेमतेम साडेसतरा सेंटीमीटर जाड आणि सुमारे 23 टन वजनाचा. इतका पातळ की स्वतःच्या भारानेच वाकतो, म्हणून खालून 150 आधार त्याला सतत आकारात ठेवतात. धुळीने अॅल्युमिनियमचा मुलामा मंदावला की अख्खा आरसा त्याच्या चौकटीसह उतरवून, गाडीवर ठेवून, अगदी संथपणे देखभाल इमारतीत खाली नेतात. जुना मुलामा रसायनाने काढायचा, काच धुऊन कोरडी करायची, मग निर्वात टाकीत नवा थर चढवायचा. हा थर मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाहूनही पातळ असतो. धुताना एक डाग राहिला तर तिथे थर धरत नाही. हे हात तंत्रज्ञांचे असतात, पीएचडीवाल्यांचे नव्हेत.

आता खोडद. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, त्यांतल्या 14 मध्यभागी आणि 16 तीन भुजांवर, पार 25 किलोमीटरपर्यंत. वारा ताशी 40 किलोमीटरच्या वर गेला की त्या थेट डोक्यावरच्या आकाशाकडे तोंड करून स्थिर ठेवाव्या लागतात. मोटारी, गिअर, पोलादी तारांची जाळी, ऑप्टिकल फायबर, चोवीस तासांच्या पाळ्या, हे सगळे तिथेही कोणीतरी हातानेच सांभाळते. विजेच्या गाडीत वरच्या तारेशी ठिणग्या उडतात आणि त्यांचा गोंगाट नेमका दुर्बिणीच्या लहरींत घुसतो. म्हणून मार्गाबद्दलचा आक्षेप मला पटतो. इतक्या पसरलेल्या तबकड्या दुसरीकडे हलवणे शक्य नाही.

पण चिलीने दुर्बिणींना फुकट जागा दिली नाही. युरोपीय संस्थेच्या इथल्या दुर्बिणींवरची 10 टक्क्यांपर्यंतची वेळ चिलीतल्या खगोलशास्त्रज्ञांसाठी राखीव आहे. उलट देशानेही उत्तरेच्या तीन प्रांतांत रस्त्यावरच्या दिव्यांवर कायद्याने बंधने घातली. हे जसेच्या तसे जुन्नरला लागू होणार नाही, कारण पारानालभोवती ना शेती ना वस्ती. तरी मोबदला मागायची रीत शिकण्यासारखी आहे. रेल्वे दूर गेली तर जुन्नर तालुक्याने बदल्यात काय मागायचे? माझ्या मते दोन गोष्टी: शेतमालासाठी दुसरी सोय, आणि वेधशाळेच्या तांत्रिक जागांसाठी तालुक्यातल्या आयटीआयमधून नेमकी तयारी.

हिंगोलीत तर वेळ अजून हातात आहे. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या 4 किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या येणार आहेत. 2023 मध्ये केंद्राने 2600 कोटी मंजूर केले. गावातल्या पोरांना नोकऱ्या मिळणार का, हा प्रश्न रास्त आहे, पण फक्त जमीन देताना विचारून भागत नाही. नळीच्या प्रत्येक जोडावर बाहेरून हेलियम सोडून आत तो झिरपतो का, हे यंत्राने बघावे लागते. गळती अशीच सापडते. ते यंत्र धरणारा हात औंढ्याचा हवा असेल, तर त्याचे शिक्षण नळ्या अंथरण्याआधी सुरू व्हायला हवे.