श्रम

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका संध्याकाळी वावधन आलं. रावेर-यावलकडे अशा वाऱ्यात केळीच्या बागा आडव्या होतात. आम्ही धुळ्याचे, देवपुरात राहणारे. आमच्याकडे केळी नाही, म्हणून वाऱ्याने 'साफल्य' नेलं.

घराच्या कपाळावर 'श्रमसाफल्य' अशी स्टीलची अक्षरं होती. सकाळी पाहतो तर नुसतं 'श्रम'. 'सा' गटारीत सापडला, 'फ' शेजाऱ्यांच्या पत्र्यावर. 'ल्य' मिळालाच नाही. बँकेचे हप्ते अजून बारा वर्षं जायचे आहेत, त्यामुळे वाऱ्याचं काही चुकलं असंही म्हणवेना.

मी म्हटलं, लावून घेऊ परत. पण अक्षरवाल्याकडे तो फॉन्ट बंद झालेला. दिवाळीला रंगारी आला, तोही 'श्रम'च्या कडेकडेने ब्रश फिरवून गेला. अक्षरं काढायचे पैसे बोलण्यात धरले नव्हते म्हणे. कॉलनीत आमचा उल्लेख 'श्रमवाले' असा व्हायला लागला. गॅसवाला खालून ओरडायचा, "श्रऽऽम!" समोरच्या खिडकीतून हसण्याचा आवाज यायचा. शेवटी ठरलं, नावच बदलायचं.

माय म्हणाली, "घरले नाव कसाले जोयजे? घर पयी जास का?"

तिचा मुद्दा बिनतोड होता. गावी आमचं धाब्याचं घर होतं, खारी माती टाकलेलं. त्याला कधी नाव नव्हतं. विहिरीजवळचं घर म्हटलं की पत्र बरोबर यायचं. विहीर बुजली, तरी यायचं. पण इथे कॉलनीत नुसत्या प्लॉट नंबरावर भागवलं तर लोकांना वाटतं, माणूस भाडेकरू आहे.

मायने मग स्वतःच सुचवलं, 'एकवीरा कृपा'. देवीचं देऊळ पांझरेच्या काठी, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. अडचण एवढीच की देवीची कृपा आमच्या लायनीतल्या तीन घरांवर आधीच झालेली आहे, आणि त्या तिघांचं पोस्टमनशी भांडण आहे.

मग वडिलांचं नाव द्यावं, असा विचार आला. दादांचं नाव दगा. खान्देशाबाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव मुद्दाम टाकाऊ ठेवायचं. दगा, दगडू, भिका, उखा. दृष्ट लागायला नको. दादा त्या नावावर ब्याऐंशी वर्षं जगले, म्हणजे नाव गुणाचंच. पण 'दगा निवास'? बायको म्हणाली, "अहो, उद्या घर विकायचं म्हटलं तर?" 'दगा स्मृती' तर आणखीच वाईट. जणू कोणीतरी फसवलंय आणि आम्ही ते विसरायला तयार नाही.

पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीने फोनवर 'खोपा' सुचवलं. खान्देशात घराला नाव ठेवायचं म्हटलं की कुणी ना कुणी 'खोपा' म्हणतंच, का ते सांगायला नको. माय पलीकडून म्हणाली, "चाळीस लाखना खोपा?" लेक हटली नाही. तिला हल्ली पुण्यात राहून अहिराणीचा पुळका आलाय. "मग 'मन्हं घर' ठेवा!" यावर बायको उठून बसली. तिचं माहेर रावेरकडचं. "मन्हं का म्हणून? आमच्याकडे 'माह्यं' म्हणतात." घर 'मन्हं' की 'माह्यं' यावर दोन दिवस अबोला झाला. त्या दोन दिवसांत शेवभाजी कोणी केली नाही, म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते कळेल.

शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, नाव बदलू नका, अपशकुन असतो. मी त्यांना दादांचा शाळेचा दाखला दाखवला. त्यावर जिल्हा पश्चिम खान्देश. माझ्या दाखल्यावर धुळे. सरकारने 1906 साली खान्देशाचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे केले, 1960 साली त्यांची नावं जळगाव आणि धुळे केली, आणि शहाद्याचा माझा मावसभाऊ 1 जुलै 1998 ला अंथरुणातून उठला तो नंदुरबार जिल्ह्यात. त्याचं काही वाकडं झालं नाही. गुरुजी म्हणाले, "पण तुम्ही अजून खान्देशीच म्हणवता ना?" मी विषय बदलला.

अक्षरवाल्याकडे गेलो तेव्हा खरी अक्कल आली. दर अक्षराला साडेतीनशे. जोडाक्षराला दुप्पट. काना फुकट, वेलांटीचे पन्नास, रफाराला "बघू". त्याचं म्हणणं, पातळ तुकडा कापताना वाकतो. मी मनातल्या मनात 'श्रमसाफल्य'चा हिशोब केला आणि त्या काळी आपल्याला कोणीतरी चांगलंच कापलं होतं, हे लक्षात आलं. तिथून पुढे आमच्या घरात नावं अर्थावर नव्हे, वजनावर जोखली जाऊ लागली. मुलाने 'स्वप्नपूर्ती' म्हटलं, मायने विचारलं, "कितलाले पडी?"

शेवटी 'आखाजी' निघालं. अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीच्या तोडीचा सण, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. लेक खूश, बायको खूश, माय तर खूशच. तीन अक्षरं, एकच वेलांटी. गुरुजी तेवढं बोललेच, "आखाजीला सालदाराचं साल संपतं. मोकळा होतो तो. तुमचे हप्ते किती राहिले?"

यंदाच्या आखाजीला मुहूर्त धरला. लेक पुण्याहून आली. बायकोने सकाळपासून पुरण घातलं, खापरावर मांडे टाकले. मुलगा शिडीवर चढला, जुना 'श्र' उचकटला, 'म' उचकटला, आणि वरच थबकला.

"पप्पा, खाली या. म्हणजे मागे व्हा. बघा."

मागे झालो. भिंत दिवाळीच्या बदामी रंगाची, आणि तिच्यावर जुन्या पिस्ता रंगात, ठळक, कोरल्यासारखं: 'श्रम'. रंगारी कडेकडेने गेला होता ना!

'आखाजी' त्याच्यावर बसेना. 'आखा' येतो 'श्र'वर, 'जी' पडतो 'म'च्या पलीकडे, आणि मधून पिस्ता डोकावतो. रंगाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, एवढ्याशा तुकड्याचा शेड जुळणार नाही, दर्शनी भिंत पूर्ण मारावी लागेल, अकरा हजार.

तेवढ्यात कुरिअरवाला पोरगा गेटवर आला. हातात लेकीने मागवलेलं तोरण. पाकिटावरचं 'आखाजी' वाचलं, वर भिंतीकडे पाहिलं.

"काका, आखाजी कुठे आलं?"

"हेच."

"हे तर श्रम आहे."

मायने मागून हाक मारली, "ले रे ते पाकीट, मांडा थंडा व्हयी राहिनात."